भाड्याच्या गाळ्यात उंदीर शिरले तर: विष टाकण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराचं काम निघाल्यामुळे तुम्ही सामान एका भाड्याच्या गाळ्यात ठेवलंत. दोन महिन्यांनी शटर उघडलं, तर गादीला भोक, खोक्यांच्या कडा कुरतडलेल्या आणि कोपऱ्यात बारीक लेंड्यांचा सडा. मालक म्हणतो, उंदीर तुमच्याच सामानातून आले. आता विष टाकून कुलूप लावावं का, आणि किती सामान टाकून द्यावं लागेल?

विष टाकू नका. सामान बहुतेक वाचेल. बाकी उत्तर लांबलचक आहे, कारण घरातला उंदीर आणि बंद गाळ्यातला उंदीर या वेगवेगळ्या अडचणी आहेत. मी २२ वर्षं उंदीर-नियंत्रणाचं काम करतोय, त्यातली बरीचशी वर्षं गोदामांत गेली. घरासाठीचे उपाय जसेच्या तसे गाळ्यात वापरून लोकांनी स्वतःचं नुकसान वाढवून घेतलेलं मी वारंवार पाहिलं आहे. घरात माणसाचा रोजचा वावर असतो. खुडबुड कानावर येते, वास येतो, सापळा रोज पाहिला जातो. गाळ्यात दोन भेटींच्या मधले सगळे दिवस उंदराचे असतात, त्यामुळे कोणताही उपाय करण्याआधी एकच गोष्ट विचारायची: मी पुन्हा इथे कधी येणार आहे?

आधी प्राणी कोणता ते ठरवा. मराठीत आपण लहानमोठ्या सगळ्यांनाच उंदीर म्हणतो आणि त्यातूनच पुष्कळ घोटाळे होतात. गाळ्यात बहुधा सापडतो तो छोटा घरउंदीर, वजन साधारण १२ ते ३० ग्रॅम. त्याची लेंडी ३ ते ६ मिलिमीटर लांब, तांदळाच्या कणीसारखी, टोकांना निमुळती. मोठ्या उंदराची लेंडी १२ ते १८ मिलिमीटर असते. पालीच्या विष्ठेच्या एका टोकाला पांढरा ठिपका दिसतो, झुरळाची विष्ठा बोथट असून तिच्यावर उभ्या रेषा असतात. चिचुंद्री असेल तर कस्तुरीसारखा उग्र दर्प येतो; ती किडे खाते, गाद्या कुरतडत नाही, तिला जाऊ द्या. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो आणि सापळ्याकडे काही दिवस फिरकत नाही. छोटा उंदीर उलट नवी वस्तू दिसली की तपासायला येतो. छोट्यासाठी सापळा पहिल्याच रात्री लावून फायदा होतो, मोठ्यासाठी तो आधी काही दिवस न ताणता नुसता ठेवावा लागतो. तुम्ही वर्णन केलेल्या बारीक लेंड्यांवरून तुमच्याकडे छोटे उंदीर आहेत असं धरून पुढचं लिहितो.

लेंड्यांचा सडा पाहून घाबरून जाऊ नका. एक उंदीर दिवसाला ५० ते ८० लेंड्या टाकतो. कोपऱ्यात दोनशे दिसल्या तर ती एका उंदराची तीन-चार दिवसांची कामगिरी असू शकते. ताज्या लेंड्या काळ्या, चकाकणाऱ्या आणि मऊ असतात. जुन्या राखाडी पडतात आणि दाबल्या की भुगा होतो. सगळ्याच जुन्या निघाल्या, तर उंदीर येऊन गेलेलाही असेल. म्हणून साफसफाईचा एक मोठा फायदा असा की त्यानंतर दिसणारी प्रत्येक लेंडी नवी असते.

लोक मला विचारतात, आत खायला एक दाणा नाही, मग उंदीर आलाच कशाला? तो घरट्यासाठी येतो. माणसाची ये-जा नसलेली कोरडी, अंधारी जागा, तिथे कापूस, स्पंज, कागद, लोकर. पिल्लं घालायला याहून चांगली जागा त्याला मिळणार नाही. त्याला दिवसाला जेमतेम ३ ग्रॅम अन्न पुरतं. ते शेजारच्या गाळ्यात कुणी ठेवलेल्या कुत्र्याच्या खाण्यातून, बाहेरच्या कचऱ्यातून, गवताच्या बियांतून मिळतं. पाण्याचंही त्याला फारसं अडत नाही, अन्नातल्या ओलाव्यावर तो पुष्कळ दिवस काढतो. तेव्हा तुमचा गाळा हे त्याचं सगळं घर नाही, ती फक्त झोपायची खोली आहे. तुमच्या खोलीतले सगळे उंदीर मारले तरी वाट उघडी आणि बिछाना शिल्लक असेल, तर पुढचा येणारच.

आता दिवसांचा हिशेब करा. मादीची गर्भावस्था १९ ते २१ दिवसांची असते, एका वेताला पाच ते आठ पिल्लं होतात, आणि ती पिल्लं साधारण सहा आठवड्यांत स्वतः प्रजननाला तयार होतात. तुम्ही कुलूप लावून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी गाभण मादी आत शिरली, तर दोन महिन्यांनी तुम्ही येईपर्यंत तिची पिल्लं मोठी झालेली असतात. दोन आठवड्यांनी आलात, तर फार तर एक मादी आणि एक ताजं घरटं सापडेल. म्हणून पहिले काही महिने भेटींमध्ये दोन आठवड्यांहून जास्त अंतर पडू देऊ नका. इतर सगळ्या उपायांपेक्षा मी यावर जास्त भर देतो.

आता त्या दिवशीचं काम. शटर उघडून लगेच झाडू हातात घेऊ नका. वाळलेली लघवी आणि लेंड्यांचा भुगा झाडूने हवेत उडतो आणि श्वासात जातो. साध्या व्हॅक्यूम क्लीनरनेही तेच होतं. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात २०१२ साली दहा पर्यटकांना हंटाव्हायरस या उंदरांच्या विष्ठा-लघवीतून पसरणाऱ्या विषाणूची लागण झाली आणि तिघे दगावले. त्यातले नऊ जण राहिलेल्या तंबूंच्या दुहेरी भिंतींमध्ये उंदरांनी घरटी केली होती. ती जात वेगळी होती, डिअर माऊस. आपला घरउंदीर तो विषाणू पसरवत नाही. पण घरउंदराकडून साल्मोनेला या जिवाणूची लागण आणि लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस नावाचा विषाणूजन्य आजार होऊ शकतो, आणि हा दुसरा आजार पोटातल्या बाळाला गंभीर इजा करू शकतो. घरात कुणी गरोदर असेल तर तिला या कामाला अजिबात नेऊ नका, खोका उचलायलासुद्धा नाही.

शटर उघडून अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे आणि चांगला बसणारा मास्क घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण त्याच दिवशी ताजं करा. ते लेंड्यांवर आणि घरट्यावर हळूच ओता किंवा शिंपडा आणि पाच मिनिटं भिजू द्या. जोरात फवारा मारू नका, धूळ उडते. मग कागदी टॉवेलने टिपून दुहेरी पिशवीत बांधा आणि जमीन त्याच मिश्रणाने पुसा. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर, विशेषतः ॲसिड, मिसळू नका. बंद गाळ्यात क्लोरीन वायू साठला तर तो जिवावर बेतू शकतो. हातमोजे काढण्याआधी ते घातलेले असतानाच धुवा.

साफ करताना हळूहळू, एका बाजूने सामान बाहेर काढा आणि आधी फोटो काढा. घरटं कुठे सापडलं, कुरतडल्याचा भुगा कुठे आहे, भिंतीच्या खालच्या कडेला तेलकट काळपट पट्टा कुठे दिसतो, हे टिपून ठेवा. उंदीर अंग भिंतीला घासत त्याच वाटेने परत परत जातो, तो पट्टा त्याचा रस्ता दाखवतो. वाट कळत नसेल तर रिकाम्या जमिनीवर टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरवा आणि दुसऱ्या दिवशी पावलं पाहा.

विषाबद्दल तुम्ही नेमकं विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो. उंदरांसाठीची आजची बहुतेक विषं रक्त गोठू न देणारी आहेत. वॉरफरिन हे त्यातलं पहिलं, १९४८ पासून उंदरांवर वापरात आलं. ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम ही नंतरची, जास्त जहाल. शरीरात व्हिटॅमिन के पुन्हा वापरात आणण्याची जी साखळी असते, ती ही विषं तोडतात, आणि मग आतल्या आत रक्तस्राव होतो. याला साधारण तीन ते सात दिवस किंवा थोडे जास्तही लागतात. तोवर उंदीर हिंडत असतो, आणि शेवटी दुबळा झाला की सगळ्यात सुरक्षित वाटणाऱ्या ठिकाणी जाऊन पडतो. ते ठिकाण म्हणजे तुमचा सोफा. विष खाल्लेला उंदीर तहानेने व्याकूळ होऊन पाण्यासाठी बाहेर जातो आणि बाहेरच मरतो, ही समजूत इतकी रुजली आहे की विष विकणारेही ती मनापासून सांगतात. ती खरी नाही.

कामाच्या पहिल्या वर्षांत मी ही चूक केली आहे. एका कुटुंबाच्या गाळ्यात विषाच्या वड्या ठेवल्या, उंदीर थांबले, सगळे खूश झाले. तीन महिन्यांनी फोन आला: लोकरीच्या गालिच्याला चाळणीसारखी भोकं पडली होती. सोफ्याच्या आत चार मेलेले उंदीर वाळून पडलेले होते. त्या मढ्यांवर डर्मेस्टिड भुंगेरे आले होते. त्यांच्या अळ्या वाळलेलं मांस, कातडी, केस खातात, आणि ते संपलं की लोकर, पिसं, चामडं. उंदरांनी गालिच्याला तोंडही लावलं नव्हतं, त्याचं नुकसान माझ्या उपायाने झालं होतं. त्या दिवसापासून माल भरलेल्या बंद गाळ्यात मी विष ठेवलेलं नाही.

शिवाय छोटा उंदीर एका रात्री वीस-तीस ठिकाणी थोडं थोडं कुरतडून खातो, त्यामुळे पुरेशी मात्रा पोटात जाईलच असं नाही. काही भागांतल्या उंदरांमध्ये जुन्या विषांना दाद न देणारी जनुकं पसरली आहेत. आणि विषबाधा झालेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही विषबाधेने मरू शकतात. झिंक फॉस्फाइडचं तर नावही काढू नका, पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फीन हा घातक वायू निघतो. इमारतीच्या बाहेरच्या कडेने कुलूपबंद पेट्यांमध्ये विष ठेवायचं की नाही, हे मालकाने नेमलेल्या प्रशिक्षित माणसाने ठरवावं.

चिकट पुठ्ठेही नकोत. धुळीने त्यांचा चिकटपणा जातो, आणि जो अडकतो तो तासन्‌तास, कधी दिवसभर, तडफडत राहतो. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून परवान्याशिवाय ते वापरणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच झालं. जिवंत पकडायचा पिंजरा रोज सकाळी पाहता येत असेल तरच लावा. कुलूप लावून आठवडाभर गेलात तर आतला जीव भूक-तहानेने मरतो, मग त्याला दयाळू उपाय म्हणण्यात अर्थ उरत नाही.

उरतो तो साधा स्प्रिंगचा चाप. चांगला, जोरदार स्प्रिंगचा, झटक्यात मारणारा घ्या. सलग तीन-चार दिवस रोज येता येईल अशी वेळ काढा आणि तेव्हाच चाप लावा. एखाद-दुसरा लावून महिनाभर वाट पाहण्यापेक्षा, छोट्या गाळ्यातही आठ-दहा चाप एकाच रात्री लावणं कितीतरी परिणामकारक ठरतं. घरट्यापासून छोटा उंदीर फार लांब जात नाही, बहुधा तीन ते दहा मीटरच्या आत फिरतो, म्हणून चाप त्याच्या वाटेवरच हवेत: भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे, दोन चापांत दीड-दोन मीटर अंतर. शटरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक नक्की लावा.

आमिष मटाराच्या दाण्यापेक्षा छोटं ठेवा. पीनट बटर चालतं, चिकटून राहतं. पण गाळ्यात मला जास्त गुण आला तो कापसाचा. चापाच्या जिभेला कापूस किंवा सुताचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधून ठेवा. घरटं बांधणारी मादी तो ओढायला येते, ओढावा लागतो म्हणून चाप हमखास सुटतो, आणि मुंग्याही लागत नाहीत. दोन रात्रींत काहीच सापडलं नाही तर आमिष बदलत बसू नका, जागा बदला. सलग तीन रात्री सगळे चाप रिकामे आणि नवी लेंडी नाही, एवढं झालं की चाप उचला. तसेच ताणलेले ठेवून महिनाभर निघून जाऊ नका. त्यात मेलेला उंदीर पुन्हा त्याच भुंगेऱ्यांना बोलावतो.

फटी बुजवायच्या त्या यानंतर. आधी बुजवल्या तर आतले उंदीर आतच अडकतात आणि सुटण्यासाठी जे मिळेल ते कुरतडतात. मोजमाप सोपं आहे: जिथे पेन्सिल शिरते तिथे छोटा उंदीर शिरतो, ६ मिलिमीटर त्याला पुरतात. शटर बंद करून आत उभे राहा, दिवे घालवा आणि कुठून उजेड येतो ते पाहा. बहुतेक वेळा शटरचे खालचे दोन कोपरे निघतात, जिथे रबरी पट्टी झिजलेली असते. मग पन्हळी पत्र्याच्या आडभिंती. पन्हळ जमिनीला टेकते तिथे दर काही इंचांवर एक तयार भोक असतं, आणि त्यातून सगळे गाळे एकमेकांना जोडलेले असतात. वायरींच्या आणि पाइपांच्या भोवतीची भोकं, भिंतीचा वरचा कठडा, हेही पाहा.

बुजवायला नुसता फुगणारा फोम वापरू नका, तो उंदीर सहज कुरतडतो. भांडी घासायच्या स्टीलच्या काथ्याचा बोळा घट्ट कोंबून त्यावर सीलंट लावलं तर टिकतं. लोखंडी तार गंजते, म्हणून स्टेनलेस स्टील किंवा तांब्याची घ्या. मोठ्या भोकांना ६ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची गॅल्वनाइज्ड जाळी लावा. पण जागा तुमची नाही. भिंतीला ड्रिल मारण्याआधी किंवा सीलंट लावण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या.

मालकाशी बोलताना 'उंदीर कुणाचे' या वादात शिरू नका. तो सिद्ध होत नाही आणि वेळ जातो. तारीख असलेले फोटो जोडून लिहून द्या: अमुक ठिकाणी फट आहे, शटरची पट्टी झिजली आहे, आडभिंतीला भोकं आहेत, ती कधी दुरुस्त होणार? पेस्ट कंट्रोलची शेवटची फेरी कधी झाली आणि तिची नोंद कुठे आहे, हे विचारा. शेजारच्या गाळ्यात खाद्यपदार्थ किंवा बियाणं असेल तर ते तपासण्याचा अधिकार मालकालाच आहे, तुम्हाला नाही, तेव्हा ती मागणीही लेखी करा. करारनामा आणि विमा पुन्हा वाचा. सामानाच्या अनेक विम्यांमध्ये उंदरांनी केलेलं नुकसान स्पष्टपणे वगळलेलं असतं, आणि ते नेमकं अशा वेळी कळतं. मालक दोन-तीन पत्रांनंतरही पट्टी बदलत नसेल, तर गाळा बदला. खोल्या एकमेकांना जोडलेल्या असलेल्या इमारतीत एकट्या भाडेकरूने कितीही केलं तरी ते पुरं पडत नाही.

सामान पुन्हा लावताना पुठ्ठ्याचे खोके परत वापरू नका. उंदराला पुठ्ठा म्हणजे भिंतही आणि बिछानाही. जाड प्लॅस्टिकच्या, कडी असलेल्या पेट्या घ्या, पण धरायच्या जागी आरपार भोक नको. प्लॅस्टिक कुरतडता येतं हे खरं, तरी गुळगुळीत सपाट पृष्ठभागावर त्याला दात रोवायला कड मिळत नाही. लोकर, पिसांच्या रजया, महत्त्वाची कागदपत्रं धातूच्या पेटीत ठेवा. गादीवरच्या हवा काढलेल्या पिशवीने धुळीपासून रक्षण होतं, उंदरापासून होत नाही.

सगळं सामान जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर आणि भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर दूर लावा, मधून तुम्हाला टॉर्च घेऊन चालता यायला हवं. भाडं वाचवायला लोक छतापर्यंत गच्च भरतात आणि मग मागची भिंत वर्षभर कुणी पाहत नाही. थोडी मोठी जागा घ्या, पण ही वाट सोडा.

स्वयंपाकघरातलं सामान इथे सगळ्यात जास्त फसवतं. टोस्टरच्या तळाशी चुरा असतो, ओव्हनच्या मागे तेल साठलेलं असतं, मिक्सरच्या सांध्यांत पीठ असतं. बुरशी येऊ नये म्हणून फ्रिजचं दार किंचित उघडं ठेवायला सांगतात ते बरोबर आहे, फक्त त्या फटीवर बारीक जाळी बांधा. वॉशिंग मशीनचा तळ उघडा असतो, तोही जाळीने झाका आणि पाइपाच्या तोंडात बोळा घाला. साबण, मेणबत्त्या, बिया भरलेली खेळणी, वाळलेली फुलं, पाळीव प्राण्यांचं खाणं: यातलं काही ठेवूच नका. सोफ्याच्या खालचं पातळ काळं कापड फाटलेलं असेल तर ठेवण्याआधी शिवा, बहुतेक वेळा शिरकाव तिथूनच होतो.

अल्ट्रासॉनिक यंत्रं घेऊ नका. त्यांचा आवाज सामानातून पलीकडे जात नाही आणि उंदीर त्याला लवकरच सरावतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली अशा यंत्रांच्या साठहून जास्त उत्पादकांना आणि विक्रेत्यांना पुराव्याविना दावे केल्याबद्दल तंबी दिली होती. डांबराच्या गोळ्यांनी उंदीर जात नाहीत, फक्त तुमच्या कपड्यांना आणि फुप्फुसांना त्रास होतो. पेपरमिंटच्या तेलाचा वास काही दिवसांत उडून जातो.

आता काय वाचवायचं ते. कपडे गरम पाण्यात धुतले की झालं. पुस्तकं आणि कागद ब्लीचने खराब होतात. हातमोजे घालून किंचित ओल्या फडक्याने वरून पुसा आणि काही तास कडक उन्हात ठेवा, किंवा उंदीर नसलेल्या कोरड्या, हवेशीर जागी आठवडाभर सुटी पसरा. भांडी, लाकूड, काच, धातू पुसून वापरता येतं. विजेच्या वस्तूंच्या वायरी बोटाने पूर्ण लांबीभर चाचपून पाहा. कुरतडलेली वायर टेप लावून चालवू नका, शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते, ती बदलूनच घ्या. ज्या गादीत घरटं झालं ती मात्र टाका, आत मुरलेली लघवी काढता येत नाही. उशा आणि सॉफ्ट टॉयही, आत पोकळी झालेली असेल तर.

आणि गाळा रिकामा कराल त्या दिवशी पेट्या थेट नव्या घरात नेऊ नका. प्रत्येक पेटी दाराबाहेर, उजेडात उघडा, रिकामी करा, मगच आतलं आत न्या. सोफा सगळ्यात शेवटी, त्याच्या खालचं कापड उसवून आत टॉर्च मारून पाहिल्यावर.